संघ नसलेल्या गावातले चाहते

या व्याख्यानमालेत आजवर इतिहास झाला, अर्थशास्त्र झालं, संतसाहित्य झालं. कबड्डी पहिल्यांदाच येतेय, आणि तीही एखाद्या खेळाडूच्या किंवा प्रशिक्षकाच्या तोंडून नाही, नुसत्या बघ्यांच्या तोंडून. आज बोलताना आम्ही सारखं ‘आम्ही’ म्हणणार आहोत, त्याचा खुलासा आधीच करतो. आम्ही म्हणजे सोलापुरातली ती चार टाळकी, जी गेली चाळीसेक वर्षं चुन्याच्या रेषेबाहेर उकिडवी बसून कबड्डी बघत आली. आमच्यात यंत्रमागावरचे आहेत, शाळामास्तर आहेत, एसटीतून निवृत्त झालेले आहेत. बोलायला एकाला पुढं केलंय, पण मतं सगळ्यांची आहेत. भांडणं तर आहेतच.

विषय असा की २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. २६ जुलैला मुंबईत यू मुम्बा आणि जयपूर पिंक पँथर्स यांचा पहिला सामना झाला, आणि आमच्या मातीतल्या खेळाला एका संध्याकाळीत दिवे, गाणी, निळी-केशरी मॅट आणि लिलाव चिकटले. तेव्हापासून लोक आम्हाला एकच विचारतात: काय हो, बरं झालं का वाईट? आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न आहे, पण सरळ देता येत नाही, थोडं फिरून यावं लागेल.

पहिली अडचण अगदी सोलापुरी आहे. लीगमध्ये आता बारा संघ आहेत. पुण्याचा आहे, मुंबईचा आहे, तेलुगू टायटन्स आहे, बेंगळुरू बुल्स आहे. सोलापूरचा नाही. मग आपण ओरडायचं कुणासाठी? तुम्ही म्हणाल, महाराष्ट्रात राहता ना, मग पुणेरी पलटण. इतकं सोपं असतं तर काय! आमच्यातले निम्मे पूर्व भागातले. घरात तेलुगू, मागावर तेलुगू, लग्नपत्रिका दोन लिपींत. अक्कलकोटकडून आलेला एक जण आहे, तो रागावला की कन्नडमधून रागावतो. त्यामुळे पुणे विरुद्ध तेलुगू टायटन्स असा सामना असला की आमच्या एकाच सतरंजीच्या दोन सतरंज्या होतात. बुल्सवाला मध्ये बसून दोघांना डिवचतो.

आणि टायटन्सवाल्यांनी काय सोसलंय म्हणता! आठव्या, नवव्या आणि दहाव्या अशा सलग तीन हंगामांत त्यांचा संघ गुणतक्त्यात अगदी तळाला. दहाव्या हंगामात तर पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले होते, लीगच्या इतिहासातली सगळ्यात मोठी बोली. तरी २२ सामन्यांत विजय दोन. आमचा टायटन्सवाला प्रत्येक सामन्याला येऊन बसायचा. जिंकणाऱ्याचा चाहता कुणीही होतं हो. तळाच्या संघाचा चाहता व्हायला छाती लागते, हे आम्ही त्याच्याकडून शिकलो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एकदाचे दिवस फिरले. अंतिम फेरीत जाण्यासाठीच्या दुसऱ्या पात्रता सामन्यात पुणे आणि टायटन्सच समोरासमोर आले. पुणं जिंकलं, आणि दोन दिवसांनी अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून ३१–२८ असं हरलं. म्हणजे दोन्ही सतरंज्यांवर शोककळा. (हशा)

त्याच हंगामातली एक गोष्ट फारशी कुणी बोललं नाही. ते सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली अशा चार ठिकाणी झाले. पुण्याच्या संघाचा पुण्यात एकही सामना नाही, मुंबईच्या संघाचा मुंबईत नाही. म्हणजे त्या वर्षापुरते पुणेकर आणि आम्ही एका पायरीवर आलो. दोघांनाही संघ टीव्हीतच.

आता थोडं मागं जाऊ. मराठीत ‘व्यावसायिक’ या शब्दाची कबड्डीत एक गंमत आहे. आमच्या लहानपणी त्याला ‘धंदेवाईक’ म्हणायचे आणि तो शब्द शिवीच्या जवळचा होता. खेळ हौसेनं खेळायचा. पैसा घेऊन खेळणारा म्हणजे घसरलेला. देशातल्या संघटनेच्या नावातच ‘हौशी’ होतं, भारतीय हौशी कबड्डी महासंघ. पण मोठ्या स्पर्धेची पत्रिका बघितलीत तर तिच्यावर छापलेलं असायचं: ‘पुरुष व्यावसायिक गट’. हा गट कुणाचा? तर नोकरीच्या संघांचा. एअर इंडिया, महिंद्र, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे, देना बँक, पोलीस. चांगली पकड करणाऱ्या पोराला कंपनी नोकरीवर घ्यायची. हजेरीपटावर तो कारकून किंवा शिपाई, प्रत्यक्षात वर्षातला बराच काळ मैदानावर. म्हणजे कबड्डी पैशाला शिवली ती २०१४ साली, हे खरं नाही. ती कधीच शिवली होती. फक्त त्या पैशाचं नाव पगार होतं.

आणि त्या पगाराची किंमत आज समजावून सांगावी लागते. गिरणीतल्या, शेतमजुराच्या घरातल्या पोराला कबड्डीनं कायमची नोकरी, वैद्यकीय सोय आणि पुढं निवृत्तिवेतन मिळवून दिलं. गुडघा गेला तरी खुर्ची राहायची. त्या काळी बाप पोराला मैदानावर पाठवायचा तो पदकासाठी नव्हे, त्या खुर्चीसाठी. चाहत्यालाही याचा एक फायदा होता. खेळाडू दहा-बारा वर्षं एकाच संघाच्या बनियनमध्ये दिसायचा. त्याचं पोट सुटलेलं, केस पांढरे झालेले आम्ही बघितले. तो आमच्याबरोबर म्हातारा व्हायचा.

लिलाव आला आणि हे उलटं झालं. लिलाव हा शब्द आम्हाला नवा नाही. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव असतो, पंढरपुरात बेदाण्याचा, आणि सांगोल्याच्या बाजारात खिलार बैलाचे दात बघून भाव ठरतो. त्यामुळे पहिल्यांदा जेव्हा टीव्हीवर माणसांचा लिलाव बघितला तेव्हा आमच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी चॅनेल बदलायला लावलं. पोराची बोली काय लावता, म्हणाले. पण नंतर विचार केल्यावर आमच्यातल्या बहुतेकांचं मत फिरलं. बोली तरी उघड लागते. नोकरीच्या काळात खेळाडूची किंमत साहेब बंद खोलीत ठरवायचा आणि खेळाडू हात जोडून उभा असायचा. २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महागडा ठरला राकेश कुमार, पाटणा पायरेट्सनं त्याला १२ लाख ८० हजाराला घेतलं. नऊ वर्षांनी सेहरावतची ती २ कोटी ६० लाखांची बोली लागली. वीस पट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईला सातव्या हंगामात टायटन्सनं १ कोटी ४५ लाख दिले, तेव्हा सतरंजीवर दोन्ही बाजू एकाच वेळी खूष होत्या. खेळाडू मराठी, संघ तेलुगू. असे दिवस थोडे.

आता ज्यांनी कबड्डी फक्त येता-जाता बघितलीय त्यांच्यासाठी खेळाचं मर्म सांगतो, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. ते आम्हाला नीट कळलं ते परदेशातून. आमच्यातल्या एकाची मुलगी टोरंटोला असते. तिकडं बर्फावरच्या हॉकीचं वेड, जसं इकडं क्रिकेटचं. हे गृहस्थ हिवाळ्यात तिकडं गेले होते, थंडीनं बाहेर पडवेना, म्हणून जावयाबरोबर रोज हॉकी बघत बसले. परत आल्यावर म्हणाले, अरे, ती आपलीच कबड्डी आहे! आम्ही हसलो. पण ऐका. बर्फावर एका बाजूचे सहा जण असतात, गोलरक्षक धरून. कुणी आडदांडपणा केला की त्याला दोन मिनिटं बाजूच्या बंद बाकावर बसवतात. त्याच्या जागी दुसरा येत नाही. तेवढा वेळ संघ एक माणूस कमी घेऊन लढतो. समोरच्यानं तेवढ्यात गोल केला तर शिक्षा संपते आणि बाकावरचा माणूस परत येतो. सगळी मजा त्या दोन मिनिटांत, कमी माणसांनी कसं तग धरायचं यात.

कबड्डी म्हणजे ही दोन मिनिटं चाळीस मिनिटं ताणलेली. सात विरुद्ध सात अशी सुरुवात होते, पण सात विरुद्ध सात फार काळ राहत नाही. चढाईपटूनं हात लावला, माणूस बाहेर गेला. तो बाहेर बसतो आणि आपल्या संघानं समोरचा एक बाद केला की आत येतो. जुन्या हुतूतूत तीन प्रकार होते: संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाहेर गेलेला माणूस सगळा संघ बाद होईपर्यंत परत येत नसे. अमरमध्ये कुणी बाहेर जातच नसे, नुसते गुण मोजायचे. संजीवनीत बाद झालेला परत जिवंत होतो, आणि तीच पुढं टिकली. टिकली ते बरं झालं. मेलेला माणूस पुन्हा उठून येणार आहे या आशेवर तर प्रेक्षक बसतो.

म्हणून मैदानावर कोण आहे यापेक्षा कोण नाही, याच्याकडं बघायची सवय लावून घ्या. मुख्य चढाईपटू बाहेर बसलाय का? मग उरलेले पाच जण आता जिंकायला खेळत नाहीत, त्याला आत आणायला खेळतायत. समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतील तरच बोनस रेषा ओलांडल्याचा गुण मिळतो. पाच झाले की ते दार बंद. बोनसचा गुण फलकावर चढतो, पण त्यानं बाहेरचा माणूस आत येत नाही. आणि सगळेच बाद झाले तर लोण, दोन जादा गुण. पण लोण बसल्यावर सातही जण एकदम ताजे होऊन परत येतात. एकच माणूस उरलाय आणि आपण तीन-चार गुणांनी पुढं आहोत, तर त्याला एकट्याला घाईघाईनं बाद करावं का, यावर आमचे सामन्यापेक्षा जास्त वेळ वाद झालेत.

इथं लीगनं रूढ केलेल्या दोन नियमांना आम्ही मनापासून दाद देतो. मैदानात तीन किंवा कमी बचावपटू असताना त्यांनी पकड केली तर एकाऐवजी दोन गुण. याला आपल्याकडची वृत्तपत्रं ‘अव्वल पकड’ म्हणतात. हरणाऱ्याच्या हातात दिलेलं हे हत्यार. आता त्याचा परिणाम असा होणार की समोर तिघंच दिसले की चढाईपटू घाबरून लांबूनच रेषेला पाय लावून परत येणार, वेळ काढणार. म्हणून दुसरा नियम: लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाई करणाराच बाद. एका नियमानं पडलेलं भोक दुसऱ्यानं बुजवलं. पूर्वी पुढं असलेला संघ शेवटची आठ-आठ मिनिटं नुसता ये-जा करायचा आणि आम्ही शेंगा खात बसायचो. ते गेलं. शेंगांचा खप कमी झाला असेल, खेळ सुधारला.

मात्र एका गोष्टीची आम्हाला रुखरुख आहे. दम. चढाई किती वेळाची? तर एका श्वासाची. ‘कबड्डी, कबड्डी’ हा घोष सुटला की चढाई संपली. पंच वाकून, कान देऊन मागं मागं पळायचा. दमाचा नियम पुस्तकात आजही आहे, पण प्रेक्षकाची नजर आता तीस सेकंदांच्या घड्याळावर असते. पूर्वी दम कुणाचा मोठा, हा गावभर चर्चेचा विषय असायचा. आता तो प्रश्नच कुणी विचारत नाही. सगळ्यांचा दम तीस सेकंदांचा.

नियम कोण करतो, हा मुद्दा साधा वाटतो. तो साधा नाही हे सगळ्या देशाला ७ ऑक्टोबर २०२३ ला दिसलं. हांगचौ आशियाई स्पर्धा, पुरुषांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. २८–२८ अशी बरोबरी, वेळ अगदी थोडी उरलेली. सेहरावत तिसऱ्या चढाईला गेला. कुणालाही हात न लागता तो बाजूच्या लॉबीत गेला, आणि त्याला ढकलत इराणचे बचावपटूही लॉबीत आले. लॉबीचा नियम असा की झटापट झाल्याशिवाय तिथं पाय टाकायचा नाही. मग बाद कोण? आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणं चढाईपटूही बाद आणि मागोमाग आलेले बचावपटूही बाद. आपल्या लीगच्या सुधारित नियमाप्रमाणं फक्त चढाईपटू बाद. म्हणजे एकाच घटनेचे दोन निकाल, आणि मैदानावरचे बहुतेक जण दोन्ही नियमांनी खेळलेले! निर्णय दिला, फिरवला, परत फिरवला. खेळाडू मॅटवर बसून राहिले. तासभर सामना थांबला. शेवटी भारताला चार आणि इराणला एक गुण मिळाला आणि आपण ३३–२९ असं सुवर्ण जिंकलं. आनंद झालाच. पण पेढे वाटताना आमच्यातला एक जण म्हणाला ते लक्षात राहिलं: नियम आता दोन घरांत शिजतो. एक घर संघटनेचं, दुसरं टीव्हीचं. २०१५ साली सामने दाखवणाऱ्या कंपनीनंच लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समध्ये ७४ टक्के हिस्सा घेतला होता, हे ध्यानात घेतलं तर त्याच्या बोलण्यात तथ्य आहे.

खरी गोष्ट त्याच्या पुढं आहे. त्या इराणच्या संघात मोहम्मदरेझा शादलुई होता, डाव्या कोपऱ्यातला दणकट बचावपटू. भारताच्या संघात आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार होता. शनिवारी हे दोघं एकमेकांविरुद्ध सुवर्णपदकासाठी भांडले. सोमवारी मुंबईत लीगचा लिलाव सुरू झाला, आणि शादलुईला २ कोटी ३५ लाखांना कुणी घेतलं? पुणेरी पलटणनं. ज्या संघाचा कर्णधार अस्लम! शनिवारी आम्ही ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्याच्यासाठी सोमवारपासून टाळ्या वाजवायच्या. आमच्या सतरंजीवरच्या पुणेवाल्यांना हे पचायला दोन सामने लागले, तिसऱ्यात त्याच्या पकडीवर शिट्ट्या सुरू. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पुण्यानं हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. त्यात शादलुई होता.

थांबा, अजून संपलं नाही. पुढच्या लिलावात हरियाणानं त्याला २ कोटी ७ लाखांना नेलं. त्या हंगामाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ ला. कुठं? पुण्यात, बालेवाडीला. हरियाणानं पाटण्याला ३२–२३ असं हरवलं. शादलुईनं सलग दुसऱ्या वर्षी चषक उचलला. गेल्या वर्षी पुण्यासाठी हैदराबादेत, या वर्षी हरियाणासाठी पुण्यात. त्याच्या पुढच्या वर्षी तो गुजरातकडं.

शादलुईचा यात काही दोष आहे का? अजिबात नाही. त्यानं जिथं पैसे घेतले तिथं जीव ओतला. दोष पुण्याचाही नाही, संघ बांधायला पैशाची मर्यादा घालून दिलेली असते, एकावर उधळले की बाकीचे हातचे जातात. प्रश्न आमचा आहे. चाहता म्हणून आम्ही नेमकं काय धरून बसलोय? माणूस धरला तर तो तीन वर्षांत तीन रंगांत दिसतो. रंग धरला तर आतला माणूस बदलतो. गाव धरावं तर आमच्या गावाला संघ नाही, आणि ज्या गावाला आहे तिथं सामने नाहीत.

टोरंटोवाल्यांच्या जावयानं या बाबतीत त्यांना एक किस्सा सांगितला, तो आम्हाला फार धीर देऊन गेला. कॅनडात क्वेबेक शहराचा नॉर्डिक्स नावाचा हॉकी संघ होता. १९९५ साली मालकांनी तो विकला आणि अख्खा संघ अमेरिकेत डेन्व्हरला गेला, कोलोरॅडो अॅव्हलांच या नव्या नावानं. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, त्या संघानं स्टॅनली चषक जिंकला. क्वेबेकच्या लोकांनी वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली तो चषक त्यांच्याच पोरांनी उचलला, दुसऱ्यांच्या गावात. तो चषकही मुळात १८९२ साली कॅनडाच्या गव्हर्नर जनरलनं हौशी संघांसाठी ठेवलेला. पुढं तो पूर्णपणे व्यावसायिक लीगचा झाला. आणि कॅनडातल्या कुठल्याही संघाला तो १९९३ नंतर मिळालेला नाही. ज्यांनी खेळ वाढवला त्यांच्याच दारावरून वरात पुढं जाते, हे काही आपलं एकट्याचं दुखणं नाही.

पैशाबद्दल एक हिशेब मांडतो, कारण समोर बरीच तरुण पोरं आणि त्यांचे आईवडील दिसतायत. बारा संघ, प्रत्येकात अठरा ते पंचवीस खेळाडू. सगळे पंचवीस धरले तरी तीनशे. देशभरातून तीनशे. त्यात परदेशी आले, आणि काहींची बोलीच लागत नाही. कोट्यवधीची बातमी येते ती दहा-पंधरा जणांची. सगळ्यात खालच्या गटाची पायाभूत किंमत नऊ लाख, एका हंगामाची. नऊ लाख वाईट नाहीत. पण हंगाम संपला की पुढं काय, हे लिलावात सांगत नाहीत. पवन सेहरावतचंच उदाहरण घ्या. २०२२ साली तमिळ थलायवाजनं त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून अख्खा हंगाम गेला. तो पुन्हा उभा राहिला आणि पुढच्या वर्षी आणखी महाग झाला. पण तो सेहरावत होता, आणि त्याच्यामागं रेल्वेची नोकरी होती. तालुक्याच्या मैदानावरच्या पोराचा गुडघा गेला तर शस्त्रक्रियेचा खर्च कुणाच्या अंगावर पडतो? बापाच्या.

म्हणून जुनी खुर्ची आणि नवी बोली यांत आम्ही अजून खुर्चीच्या बाजूला थोडं जास्त झुकतो. आमच्यातले तरुण याला म्हाताऱ्यांचं मत म्हणतात. असू दे.

बायकांच्या कबड्डीचं मात्र बोललंच पाहिजे, आणि तिथं राग आहे. २०१६ साली लीगनं महिलांचं आव्हान म्हणून तीन संघांची छोटी स्पर्धा घेतली: फायर बर्ड्स, आइस दिवाज, स्टॉर्म क्वीन्स. मुंबईची अभिलाषा म्हात्रे आइस दिवाजची कर्णधार होती. अंतिम सामना २४–२३, एका गुणाचा! यापेक्षा चुरस काय हवी? पण त्याच मंडळींनी पुढचा हंगाम भरवला नाही. पुरुषांना बारा संघ झाले, बायकांचे तीनही गेले. आणि २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत काय झालं ते आठवा. महिलांच्या अंतिम सामन्यात इराणनं भारताला २७–२४ असं हरवलं. त्या इराणच्या संघाच्या प्रशिक्षक कोण होत्या? नाशिकच्या शैलजा जैन. इथल्या मातीतलं शहाणपण तेहरानला कामाला आलं. आम्हाला त्या दिवशी हरल्याचं दुःख आणि शैलजाताईंचा अभिमान, दोन्ही एकदम झालं. कुणासाठी ओरडायचं हा प्रश्न त्या दिवशी फार अवघड होता.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. सोलापूरची ओळख कबड्डीपेक्षा खो-खोची जास्त, हे मान्य करायला हवं. २०२२ साली अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली, पहिला हंगाम बालेवाडीलाच. सहा संघ. त्यात पुण्याचाही नाही, सोलापूरचा तर नाहीच. पण माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप चेन्नई क्विक गन्सकडून खेळला. झालं! आमच्या सतरंजीवर पुणे, तेलुगू, कन्नड सगळे विसरून त्या महिन्यात सगळे चेन्नईवाले. ज्या गावचा इडली-सांबार सोडून दुसरा संबंध नाही, त्या गावासाठी घसा बसेपर्यंत ओरडलो. कारण तिथं आपलं पोरगं होतं. पुढं जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारतानं नेपाळला हरवून तो जिंकला, त्या संघातही रामजी होता.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय, ती वाचतो. ‘मुलगा दहावीत आहे, कबड्डीत विभागीय पातळीपर्यंत गेला. प्रो कबड्डीचं म्हणतो. पाठवू का?’

ताई, पाठवा. पण तीन गोष्टी बघून. एक, त्याच्या मैदानावर मॅट आहे का. मातीवर शिकलेला पाय मॅटवर घसरतो, बूट घालून वळायची सवय वेगळी असते, आणि निवड चाचण्या मॅटवर होतात. मॅट नसेल तर आठवड्यातून दोन दिवस तरी जिथं आहे तिथं पाठवा. दोन, प्रमाणपत्रं. राज्य सरकारच्या नोकरभरतीत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण ते मिळतं ते मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीवर, आणि तीही पडताळणी झाल्यावर. गल्लीतल्या स्पर्धेचा मोठा चषक तिथं चालत नाही. कोणती स्पर्धा धरली जाते हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन आधी विचारा, मग खेळवा. तीन, बारावी सोडू देऊ नका. बोली लागली तर चांगलंच. नाही लागली तरी भरतीचा अर्ज भरता आला पाहिजे.

आणि त्याची पुढची मॅच कधी, कुठं आहे, तेवढं चिठ्ठीच्या मागं लिहून पाठवा. सतरंजी घेऊन येतो.